कॅसोवरीची मादी

मुलगी दोन महिन्यांची झाली आणि मी लगेच ऑफिसला जायला लागले. जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइममध्ये आमचं घर ऑफिसपासून चालत जाण्याइतकं जवळ होतं, तरी मी उजाडता उजाडता बाहेर पडायची. नवऱ्याने एल्टर्नत्साइट घेतली होती, म्हणजे बाळासाठी वर्षभराची रजा. ओळखीच्यांना केवढं कौतुक! काय समजूतदार जोडपं, म्हणायचे. खरं कारण फक्त मला माहीत होतं. त्या मुलीबद्दल मला काहीच वाटत नव्हतं. ती रडली की राग यायचा, आणि हसली तर शेजाऱ्यांचं मूल हसल्यासारखं वाटायचं. हे सांगणार कुणाला? लग्नानंतर किती वर्षं वाट बघून झालेली मुलगी.

सासूबाई बाळंतपणासाठीच यायच्या होत्या. व्हिसाच्या घोळात उशीर झाला आणि त्या सांगलीहून आल्या तेव्हा मी कामावर रुजूही झाले होते. बॅगेत कपडे कमी आणि डिंकाच्या लाडवांचे डबे जास्त. मी लाडवांना हात लावला नाही, मला तो वाससुद्धा नको व्हायचा. दोन-चार दिवस आग्रह करून बघितला आणि मग त्यांनी लाडू मुलाच्या ताटात वाढायला सुरुवात केली. "खा रे बाबा. या घरातली बाळंतीण तूच." लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्याकडे लेक नव्हती म्हणून ते काम लेकावर भागायचं. तो बिचारा जागरणांनी अर्धा झाला होता, निमूट खायचा. मी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून दातओठ खात बसायची.

अशात एका रविवारी नवऱ्याने पक्ष्यांच्या बागेची टूम काढली. गाडीने तासाभराचा रस्ता. आभाळ सकाळपासून गच्च, वर भुरभुर पाऊस, जर्मनीत सप्टेंबर संपताना असतो तसा. बागेत माणसं नव्हतीच. फ्लेमिंगो पाहून झाले, घुबडं पाहून झाली आणि शेवटच्या कुंपणात कॅसोवरी होते.

आधी दिसला तो नर. माणसाच्या छातीइतका उंच. अंगावर पिसं कसली, काळे ओले केसच. मान निळीशार, गळ्याखाली दोन लाल पाळ्या लोंबत होत्या आणि डोक्यावर शिंगासारखा टोप. पाय जाडजूड, खवल्यांचे, आणि आतल्या बोटाचं नख सुरीसारखं सरळ. एवढा दांडगा पक्षी, पण पायांत तीन पट्टेरी पिल्लं घुटमळत होती म्हणून जपून पाऊल टाकत होता. पपईची फोड चोचीत उचलायचा आणि न खाता त्यांच्यापुढे टाकायचा. मधूनच त्याने मान खाली घातली आणि एक घुमारा काढला. तो कानांपेक्षा छातीत जास्त जाणवला. आमचं बाळ दचकून रडायला लागलं, तसा नवरा बाबागाडी घेऊन दूध गरम करून मिळतंय का बघायला कॅफेकडे गेला. आम्ही दोघी सासू-सुना तिथेच राहिलो.

पलीकडच्या कुंपणात आणखी एक होती. नराहून थोराड, रंगांनी जास्त भडक. अख्खं सफरचंद तिने एका झटक्यात गिळलं आणि जाळीला लागून येरझाऱ्या घालू लागली. पिल्लांकडे एकदाही बघितलं नाही.

पक्ष्यांना खायला घालणारी बाई बादली घेऊन आली. हसरी होती, आपण होऊन सांगायला लागली.

"काय म्हणतेय गं ती?" सासूबाईंनी विचारलं.

"अंडी नर उबवतो म्हणे. तेवढे दिवस जवळजवळ जेवतच नाही. पिल्लंही तोच वाढवतो."

"बघ," सासूबाई म्हणाल्या. आता पुढे काय येणार, याची मी वाट बघत राहिले. पण त्यांनी पलीकडे बोट केलं. "आणि ती कोण? तिला का वेगळं काढलंय?"

मी जर्मनमध्ये विचारलं. बादलीवाली तितक्याच हसतमुखाने म्हणाली, "ती आई. अंडी घातली की तिचा संबंध संपला. इकडे सोडली तर पिल्लांना मारून टाकेल."

हे वाक्य मराठीत माझ्या तोंडून फुटेना. जर्मनमध्ये ते पक्ष्याबद्दल होतं.

"आजारी आहे ती," मी म्हटलं. "म्हणून वेगळं ठेवलंय."

सासूबाई जाळीजवळ गेल्या. शालीवर पाऊस साचत होता, तरी त्या मादीकडे बघत उभ्या राहिल्या.

"आजारी आहे होय?" त्या म्हणाल्या. "मग तिच्यापाशी कुणी बसत नाही का गं?"

मला हुंदका आवरेना. बादलीवाली गोंधळून बाजूला झाली. "आई, मला ती नको वाटते," मी म्हटलं. "माझी मुलगी. मला तिला जवळ घ्यावंसंच वाटत नाही हो."

म्हटलं, आता ऐकायचं ते ऐकून घ्यावं. सासूबाईंनी मला ओढून बाकावर बसवलं, ओल्या बाकावर, आणि स्वतःही टेकल्या.

"आल्यापासून बघतेय मी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, नोकरीचा माज." मग शालीचं एक टोक माझ्या खांद्यावर ओढलं. "उद्या डॉक्टरला फोन कर. मी येते बरोबर. त्यांचं मला ओ की ठो कळायचं नाही, पण बसेन तुझ्यापाशी."

फोन मी दुसऱ्याच दिवशी केला. आमच्या डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांचं नाव दिलं आणि तिथे टेर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, मिळाली ती सासूबाईंचा व्हिसा संपल्यानंतरची. अलीकडची तारीख कुठेच नव्हती. सासूबाईंनी जायच्या दिवसापर्यंत तीनतीनदा विचारलं, कुणी मागे सरकलं का गं, नंबर लागला का. विमानतळावर त्यांनी नातीला माझ्या हातात दिलं. मी घेतलं, घ्यायचं म्हणून घेतलं.

टेर्मिनच्या दिवशी मी एकटीच गेले. नवरा घरी बाळापाशी होता. वेटिंगरूममध्ये गर्दी होती. शेजारच्या खुर्चीवर मी माझी पर्स ठेवली. एका आजोबांनी विचारलं, ही जागा रिकामी आहे का. मी म्हटलं, नाही.