नवव्या सुईची रेघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या वडिलांच्या तपासणीच्या वेळी नवव्या सुईला पडद्यावर जी रेघ उमटली, ती मी नीट पाहिली होती. ती वेगळी होती. आणि मी गप्प बसलो.

मी गोंदियाच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. सोडियमचा दिवा पेटवून ठेवायचा, प्रिझम पुसायचे, पोरांनी बिघडवलेला स्पेक्ट्रोमीटर पुन्हा जुळवायचा, एवढंच माझं काम. दोन हजार दहा उलटून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा शहरातल्या एका लहान इस्पितळाचे डॉक्टर आमच्या सरांकडे आले. ते लघवीच्या विकारांचे तज्ज्ञ. दूरच्या एका संस्थेनं बनवलेलं नवं यंत्र त्यांच्याकडे वर्षभर चाचणीसाठी आलं होतं, आणि त्यांना प्रकाशाच्या रेघा वाचता येणारा माणूस हवा होता. सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आठवड्यातल्या दोन दुपारी मी तिकडे जाऊ लागलो.

काम साधं होतं. पुरुषाच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेटची ग्रंथी असते. तिथं कर्करोगाची शंका आली की मागच्या वाटेनं सोनोग्राफीची कांडी आत सरकवतात आणि तिच्या आधारानं बारा ठिकाणी सुई टोचून बारीक तुकडे काढतात. रोग दोन सुयांच्या मधे दडून बसला तर बाराही तुकडे स्वच्छ निघतात. या यंत्राच्या सुईत केसासारखा काचेचा तंतू होता. त्यातून पांढरा प्रकाश आत जायचा, मांसाला लागून परत यायचा, आणि कोणता रंग किती परतला याची रेघ लॅपटॉपवर उमटायची. चांगल्या मांसाची रेघ एक, रोगट मांसाची दुसरी. सुई आत असतानाच ते कळावं, असा सगळा खटाटोप.

अडचण एकच होती, रक्ताची. तंतूच्या टोकाला रक्त लागलं की रेघ खोटी यायची. म्हणून नियम होता. रेघ संशयाची दिसली की मी ‘परत’ म्हणायचं. डॉक्टर सुई बाहेर घेत, मी टोक ओल्या जाळीनं पुसून पांढऱ्या चकतीला टेकवून तपासायचो, मग सुई पुन्हा त्याच जागी जायची. दुसऱ्यांदाही तशीच रेघ आली, तर तिथला एक जादा तुकडा घ्यायचा. यात दोन मिनिटं जात. पेशंटच्या दृष्टीनं ती दोन मिनिटं फार मोठी असतात.

माझे वडील रेल्वेत चाबीवाले होते. दरेकसाच्या डोंगरातल्या लाइनीवर खांद्याला हातोडा लावून रोज मैलोन्‌मैल चालायचं आणि रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकून पाहायच्या. सैल चावीचा आवाज बसका येतो, म्हणायचे. रिटायर झाल्यावर दरेकसालाच घर बांधून राहिले. आई आणि माझा धाकटा भाऊ त्यांच्याजवळ होते. यंत्राची चाचणी चालू होती त्याच वर्षी त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. सांगायला लाजत होते, भावानंच मला फोन केला. मी त्यांना गोंदियाला आणलं. रक्त तपासलं, त्यात प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली.

आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, हे मशीन करते तरी काय. मी म्हटलं, बाबा, तुम्ही रूळ वाजवून पाहत होते ना, तसंच. इथं हातोड्याऐवजी उजेड. त्यांना ते एकदम पटलं.

“आनं आवाज बराबर नाई आला तं?”

“तं परत ठोकाचं.”

“हां,” ते म्हणाले. “शंका आली का परत ठोकाचं. घाई नाई कराची.”

मग त्यांनी विचारलं, मी आत राहणार का. मी म्हटलं, मशीन मलेच पाहाची आहे. उघड्या नळावर आंघोळ करतानाही कमरेचा गमछा कधी सुटू न दिलेला माणूस. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

“मंग तू मशीनच पाह्य,” ते म्हणाले.

डॉक्टरांनीही विचारलं होतं, आप रहोगे या किसी और को देखें? दुसरं कोण होतं? मी म्हटलं, मीच करतो.

बाबांना डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवलं. त्यांनी सिस्टरला हसून सांगितलं की एवढी वर्षं रुळावर वाकलो, पण असा कधी नाही वाकलो. सिस्टर हसली. मी पडद्याकडे तोंड करून बसलो होतो. प्रत्येक तुकड्याला खट्ट असा आवाज येई आणि त्यांचा श्वास मधेच अडके. पाचव्या सुईनंतर त्यांनी हसणं सोडलं. आठव्या सुईनंतर त्यांचा पाय थरथरू लागला, तो मला पडद्याच्या काचेत दिसत होता.

नववी सुई उजवीकडे, पुढच्या टोकाशी गेली. रेघ आली. मी तोवर कितीतरी पेशंटच्या रेघा पाहिल्या होत्या. ही मधेच खाली वळून बसली होती, वर उठतच नव्हती.

मला ‘परत’ म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होता. तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “झालं का रे बाबू?”

आवाज त्यांचा नव्हता. लहान मुलाचा होता.

डॉक्टर म्हणाले, “ठीक है?”

मी म्हटलं, “ठीक.”

खट्ट झालं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: रक्त. टोक पुसून पाहिलं नव्हतं. चकतीला लावलं नव्हतं. तुकडा निघतो तो सुईच्या टोकापुढचा, आणि प्रकाश दाखवतो तो टोकाच्या बाजूचा भाग; रेघेत दिसलेला रोग तुकड्यात येईलच असं नाही, म्हणून तर जादा तुकड्याचा नियम होता. हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आठवड्यानं रिपोर्ट आला, बाराही तुकडे स्वच्छ. मी तो दरेकसाला घेऊन गेलो आणि मोठ्यानं वाचून दाखवला. आईनं कोंबडी शिजवली. बाबांनी रिपोर्ट घडी करून आपल्या पेन्शनच्या कागदांत ठेवला. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा म्हणून सांगितलं होतं. सहा महिने झाले तेव्हा बाबांनीच फोनवर आठवण केली. मी म्हटलं, रिपोर्ट चांगला आहे, कायले उगाच. खरं म्हणजे तो आकडा पाहायची मला भीती वाटत होती.

त्रास मात्र थांबला नव्हता. माझ्याकडून काही होईना, तेव्हा भावानं आपल्या परीनं केलं. डोंगरापलीकडच्या गावात जडीबुटी देणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडून पाला आणून तो रोज सकाळी काढा उकळून बाबांना द्यायचा. मला त्यानं विचारलंही होतं, दादा, देऊ का? मी म्हटलं, दे, काय बिघडते.

त्या रिपोर्टनंतर दीड वर्षानं बाबांची कंबर धरली. मग उठता येईना. नागपूरला नेलं. रोग हाडांत उतरला होता. तिथं पुन्हा सुईची तपासणी झाली. रिपोर्टवर जागा लिहिली होती: उजवी बाजू, पुढचं टोक. मी तो कागद दोनदा वाचला आणि खिशात ठेवला.

नागपूरचे डॉक्टर चिडले होते. वॉर्डात सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, पहिल्या तपासणीनंतर इतके दिवस काय करत होता तुम्ही लोक? आई होती, आत्या होती. भाऊ बाबांच्या चपला हातात घेऊन उभा होता.

मी म्हटलं, “मधे घरी जडीबुटी चालू होती.”

खोटं काहीच नव्हतं त्यात. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. भावानं माझ्याकडे पाहिलं, मग चपला खाटेखाली नीट जोडून ठेवल्या आणि बाहेर गेला. माझ्या परवानगीची गोष्ट त्यानं काढली नाही. आजवर काढलेली नाही.

बाबा सात महिन्यांनी घरीच गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातून मंडळी आली, वंदना झाली, चार लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलले. जेवणाच्या पंगतीत भाऊ वाढायला उठला तेव्हा आत्या म्हणाली, “राहू दे बापा, तुह्या हातचं पेऊन एक गेला.” मी भात कालवत राहिलो. आईनं त्याला कधी बोल लावला नाही, पण तेव्हापासून तिनं त्याच्या हातचा चहा घेतला नाही. वर्षाच्या आत तो बायकोला घेऊन कोहमाऱ्याला गेला. हायवेवरच्या एका ढाब्यात तो भट्टीवर रोट्या लावतो.

चाचणीचं वर्ष कधीच संपलं होतं. यंत्र खोक्यात घालून परत पाठवताना डॉक्टर मला म्हणाले होते, चीज अच्छी है, बस खून से गड़बड़ाती है. मी मान हलवली होती.

मागच्या हिवाळ्यात मी ठरवून कोहमाऱ्याला गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये मनात म्हणून पाहिलं. भावानं मला बाजेवर बसवलं, स्वतःच्या हातानं गरम रोटी आणून वाढली. मालकाला सांगितलं, हा माझा मोठा भाऊ, कॉलेजात आहे. त्याचे हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरले होते. गिऱ्हाईक कमी झाल्यावर तो माझ्यासमोर येऊन बसला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच बोलला.

“दादा, एक खरं सांगजो. माह्या त्या काढ्यानंच गेले ना बाबा?”

त्यानं ते इतकं हळू विचारलं, की जणू उत्तर त्याला माहीतच होतं, फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी ताटाकडे पाहत होतो.

“जाऊ दे ना आता,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, अजून एक रोटी आणतो, आणि उठला.

त्या बोलण्याचा अर्थ त्यानं काय घेतला, हे मला कळतं. तो अजूनही समजतो की बापाला त्यानं मारलं. आई अजून आहे, तिला नीट ऐकू येतं, आत्याही आहे. त्या दोघींना बसवून, त्याच्या समोर, मला सांगायचं आहे की काढा देऊ का असं त्यानं मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. रोग काढ्याच्या आधीच मी पडद्यावर पाहिला होता आणि बोललो नाही, हेही सांगायचं आहे. एवढं मी माझ्या भावाचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.