डोळे मिटून उचललेली रायफल

सावळीराम आबांच्या दुकानात कोणी पहिली रायफल निवडायला आलं, की आबा त्याला आधी डोळे मिटायला लावत.

"तशीच उचल. खांद्याला लाव, गाल टेकव. आता उघड."

डोळे उघडल्यावर नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा बारका खुंट, मागच्या खाचेत आपोआप बसलेली दिसली, तर ती रायफल त्याची. मान वाकवावी लागली, की आबा ती काढून घेत. "ही तुला वळखत नाय. दुसरी बघू."

भद्रकालीतली ती एक अरुंद खोली. शिकारीवर बंदी येऊन जमाना झाला होता. आता रायफल क्लबात नव्याने जाणारी पोरं छऱ्याच्या एअर रायफली घ्यायला येत, नाहीतर कोणी मळेवाला गंजलेली बंदूक दुरुस्तीला आणी. मी सातपूरच्या कारखान्यात लेथवर होतो. बाजारात न मिळणारे स्क्रू आबांना करून द्यायचो आणि सुट्टीला तिथंच बसायचो.

भिंतीवर एक बारीक, जुनी रायफल टांगलेली असे. आबांच्या स्वतःच्या परवान्यावरची. तिला ते कोणाला हात लावू देत नसत, घरच्यांना तर नाहीच. एकदा मी कारण विचारलं. कानस चालवता चालवता त्यांनी सांगितलं.

"माझी पहिली. तवा बंदी नव्हती. हलकी हाय, धक्का देत नाय, म्हणून घेतली. पोरगं चप्पल निवडतं तशी. बापानं खंडेनवमीला पाटावर मांडून पुजली. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवू नको म्हणाला. मी त्याच दुपारी उचलली न् त्र्यंबकच्या डोंगरात गेलो. हरणी उभी होती. गोळी लागली, पण हरणाला ती गोळी बारकी. पडली नाय. चालत गेली."

"मग?"

"जखमी जनावराच्या मागं जाऊन त्याला वेदनेतनं सोडवायचं, हा शिकाऱ्याचा धर्म. लय हिंडलो. नाय घावली." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "पण हिच्यातनं बघितलं की दिसती. अजून चालतीय."

मी हसलो नाही, पण मानलंही नाही. "मग पोलिसात जमा करून टाका."

"मग तिचा माग सुटंल. आडवी पडलेली बघितली की देतो. तवर ती घरातल्या कुणाच्या डोळ्यात जाऊ नये, एवढंच बघायचं."

२००३ साली त्यांची नात रोहिणी नेमबाजीच्या जिल्हा निवडीत उतरणार होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तिने दुकानातल्या सगळ्या एअर रायफली उचलून पाहिल्या. सगळ्यांचे खांद्याला टेकायचे लाकडी दस्ते तिला लांब पडत होते.

"काय गं, मान हाय का वेळूचं आखूड पेर?"

"तुमच्यावरच गेलीय, आबा."

"गप. दसरा होऊ दे, दस्ता कापून देतो."

दुसऱ्या दिवशी पाटावर कानशी, पकडी, पाने मांडले. मध्ये ती भिंतीवरची रायफल, रिकामी. हळदकुंकू, झेंडू वाहून झाले आणि आबा मागच्या नळावर हात धुवायला गेले. मी दाराला तोरण बांधत होतो. वळून पाहिलं, तर रोहिणीने रायफल उचललेली. गाल टेकलेला, डोळे मिटलेले. नळीवरचं झेंडूचं फूल घरंगळून खाली पडलं.

"ठेव ती," म्हणेपर्यंत तिने डोळे उघडले. मान अगदी सरळ होती.

समोर दुकानाची कोरी भिंत. तरी नळी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. थांबली. पुन्हा थोडी सरकली. पुन्हा थांबली.

"आबा," रोहिणी हळूच म्हणाली, "ही लंगडते का हो?"

आबा ओल्या हातांनी मागच्या दारात उभे होते. "कुठल्या पायानं?"

"मागच्या. उजव्या."

पायाचं आबा मलाही कधी बोलले नव्हते. त्यांनी रायफल तिच्या हातातून घेतली आणि स्वतः खांद्याला लावली. बराच वेळ नळी जागची हलली नाही. मग त्यांनी ती खाली घेतली. काहीतरी हरवलेलं शोधावं तसं ते त्या भिंतीकडे बघत राहिले.

"मला आता नाय दिसत," ते म्हणाले. "तुझ्या डोळ्यात गेली."

दसरा झाल्यावर त्यांनी रायफल पोलीस ठाण्यात जमा केली. मी सोबत होतो. परत दुकानात शिरताच ते एका एअर रायफलचा दस्ता कापायला बसले.

निवडीच्या दिवशी आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो. रोहिणीने डोळे मिटले, नवी रायफल उचलली, डोळे उघडले आणि थांबली. शेजारच्या मुलींचे छरे सुटत होते.

"मार की," मी पुटपुटलो.

आबांनी माझं मनगट दाबलं. "थांब. हरणीला आडवी जाऊ दे."

नळी किंचित सरकली, थांबली, सरकली. मग झटकन मधे परत आली. छरा काळ्या ठिपक्याच्या मधोमध बसला. प्रत्येक छऱ्याआधी तसंच झालं. निवड झाली तिची.

बाहेर सगळे तिची पाठ थोपटत होते. गर्दी पांगल्यावर आबांनी तिला जवळ घेतलं. "चालतीय का अजून?"

"हो आबा," रोहिणी म्हणाली. "पण आज मागं वळून माझ्याकडं बघत होती."