बल्गेरियाच्या खोऱ्यात भास्करराव

शेतकऱ्यांचा गट आणि परदेशातला अभ्यास दौरा, एवढं जमलं की किस्से आपोआप साठतात. अभ्यास कुठे साठलेला मात्र मी अजून पाहिला नाही!

आमच्या शेंदूरजनाघाटच्या संत्रावाल्यांचा गट मागच्या उन्हाळ्यात बल्गेरियाला जाऊन आला. दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यातलं एक गाव पाहायचं होतं. गुलाबाची शेती, आलुबुखाऱ्याच्या बागा, आणि गावात उरलेली थोडी म्हातारी माणसं. आमच्यात होते माजी सरपंच भास्करराव. त्यांना पंचायत समितीचं तिकीट पाहिजे होतं, आणि तालुक्याच्या नेत्यांनी सांगून ठेवलं होतं, "फोटो असा आना का समोरचा गारच झाला पाह्यजे!" म्हणून भास्करराव फोटोसाठी आले होते. गाव त्यांच्या मागे उभं राहिलं की झालं.

*

पहिल्याच दिवशी गावचा सरपंच आम्हाला घ्यायला आला. पायात रबरी बूट, हातात फावडं, एकटाच. सकाळपासून पाण्याची नाली साफ करत होता.

भास्कररावांनी वरूडहून खास शाल आणि हार आणला होता. त्यांनी त्या माणसाकडे खालून वर पाहिलं.

"हा सरपंच? संगं चार मानसं नाहीत, गाडी नाही. मले येडा समजून राहिले का?"

आणि त्यांनी हार घातला आमच्या बसच्या ड्रायव्हरला. का, तर त्याचा शर्ट इस्त्रीचा होता! शालही त्यालाच. फोटो निघाला. खरा सरपंच बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता.

*

गावची शाळा पोरं नाहीत म्हणून बंद पडली. तिथल्या एका वर्गात गावाचा इतिहास मांडून ठेवलाय. स्तोयांका आजी त्याच शाळेत मास्तरीण होत्या, आता चावी त्यांच्याकडे. आमची दुभाषी होती अश्विनी. मूळची बाळापूरची पोरगी, तिकडे डॉक्टरकी शिकते.

आजी मनापासून सांगत होत्या. आधी तुर्कांचं राज्य, मग लढाया, मग सरकारी सहकारी शेती. सगळ्यांच्या जमिनी सोसायटीनं घेतल्या. पुढे राज्य बदललं आणि जमिनी ज्याच्या त्याला परत मिळाल्या. तोवर पोरं जर्मनीला निघून गेली होती.

भास्करराव आमच्या सोसायटीचे जुने अध्यक्ष. ते पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकत होते.

"परत केल्या?" ते म्हणाले. "काहून?"

*

गुलाबाची तोड पहाटे होते. ऊन चढलं की फुलातलं तेल उडतं, म्हणून बायका अंधारातच शेतात जातात. आदल्या दिवशी अश्विनीनं दहादा बजावलं होतं. आमची मंडळी आंघोळी, नाश्ता, पुन्हा चहा असं करून दहाला पोचली. झाडांवर पानं तेवढी होती. फुलांची पोती ट्रॅक्टरवर चढली होती.

भास्कररावांनी फर्मान सोडलं, "पोती उतरवा. फुलं झाडाले लावा. फोटो काढला का परत भरा."

अश्विनीनं हे भाषांतर करायला साफ नकार दिला. शिकलेली पोरगी, लाज शिल्लक होती तिच्यात.

*

आजींनी एकदा जेवायला बोलावलं. दही, पाव, घरचे टमाटे. त्यांनी विचारलं, तुमच्या गावात पोरं आहेत का?

"लय!" आम्ही एका सुरात म्हणालो. "भरलं गाव आहे आमचं!"

"तुमचा मुलगा?"

भास्कररावांचा बंगलोरला. माझा पुण्याला. तिसऱ्याचा दुबईला. प्रत्येकानं छाती फुगवून सांगितलं. आजींनी सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं दही वाढलं. मी हातातला पाव ताटात ठेवला. भास्कररावांनी दही दोनदा मागून घेतलं.

*

निघायच्या दिवशी मनासारखा फोटो अजून मिळाला नव्हता. भास्करराव हवालदिल झाले होते. तेवढ्यात त्यांना चर्चबाहेरचा फळा दिसला. फळ्यावर कागदच कागद. प्रत्येकावर एक चेहरा, खाली नाव, खाली मजकूर. असेच कागद घरांच्या दारांवर आणि बस थांब्यावरही होते.

"निवडनूक!" भास्कररावांचे डोळे चमकले. "गावात मानूस दिसत नाही आन् उमेदवार पाहा किती!"

"सगळ्यायवर क्रॉस काहून आहे?" मी विचारलं.

"निशानी आहे ते. पॅनल आहे, पॅनल! पन सारे म्हातारेच उभे केले. तरुनायले वाव नाही इथं."

त्यांनी पिशवीतून स्वतःचं पत्रक काढलं. हात जोडलेला तरुणपणीचा फोटो, खाली नाव. बल्गेरियात हे कशाला आणलं, ते त्यांनाच ठाऊक. शेजारच्या कागदांची एकेक टाचणी काढून पत्रक मधोमध लावलं आणि बाजूला गॉगल लावून उभे राहिले. मी फोटो काढला. त्यांनी तो लगेच तालुक्याच्या ग्रुपवर टाकला: 'बल्गेरियातही आपलाच माणूस!'

"आता तिकीट कोन कापते, पाहतोच!"

तेवढ्यात आजी आणि अश्विनी आम्हाला निरोप द्यायला आल्या. फळा पाहताच अश्विनीनं माझी बाही ओढली.

"काका, हे काय केलं यायनं? इथं मानूस मेला का त्याचा फोटो असा लावतात! गावाले समजावं म्हणून!"

मी तोंड उघडेपर्यंत आजी पुढे गेल्या होत्या. नवा कागद पाहून थांबल्या. छातीवर क्रॉस केला, पिशवीतली मेणबत्ती काढून फळ्याखाली पेटवली, हातातला गुलाब तिथे ठेवला.

"पाह्यलं?" भास्करराव मला म्हणाले. "ओवाळून राहिली! आपल्या गावात एवढा मान कोनी देल्ला का मले?"

आजींनी डोळे पुसले आणि अश्विनीला हळूच काहीतरी विचारलं.

"काय म्हनते आजी?" भास्कररावांनी विचारलं.

अश्विनी जमिनीकडे पाहत म्हणाली, "विचारून राहिली... हे कोन म्हणून."

भास्कररावांनी गॉगल काढला, हात जोडले आणि कागदावरच्यासारखेच हसले.

"सांग न तिले! मीच आहो तो!"