पडदेवाल्या आक्कांचा सेमिनार

पडद्याच्या कापडाच्या दुकानात आक्कांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवराबायको भांडतच आत यायचे, त्याला पट्टे हवेत, तिला फुलं, आणि आक्का दोघांच्या हाती साधं राखाडी कापड देऊन त्यांना हसत बाहेर काढायच्या. "अहो, हे तुमच्याच भिंतीसाठी विणलंय," एवढं म्हटलं की गिऱ्हाईक खलास! मालक म्हणायचे, ही बाई एक दिवस मला माझंच दुकान विकेल.

आणि स्वतःच्या बाबतीत? लोकां सांगे ब्रह्मज्ञान! घरात सगळ्यांचं झालं की उरेल ते आक्कांचं. दुकानात उरलेले तुकडेच त्यांच्या खिडक्यांना, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. कॉलेज लग्नापायी सुटलं ते सुटलंच. मुलगा नोकरीला लागला तेव्हा कुठे त्यांनी सकाळचं कॉलेज पुन्हा धरलं. नणंद म्हणाली, "वहिनी, या वयात?"

"मग कुठल्या वयात? गेल्यावर?" आक्का म्हणाल्या. बरोबरच बोलल्या की.

त्या कॉलेजात पहिल्या वर्षाला प्रत्येकानं एक सेमिनार निवडायचा असे. सेमिनार म्हणजे फळा नाही, बाकं नाही. एक लांब टेबल, मुलांसाठी बारा खुर्च्या आणि सगळ्यांनी बोलायचं. विषय तरी कसले! नकाशे खोटं कसं बोलतात. पूल का पडतात. मिठापायी झालेल्या लढाया. पक्षी एकमेकांना काय सांगतात. माणूस का हसतो. पहिला आठवडा नुसता चाखायचा, हव्या त्या वर्गात बसून बघायचं, आणि शुक्रवारी ऑफिसच्या खिडकीवर नाव द्यायचं. जागा भरली की भरली.

आक्का सगळीकडे बसून आल्या. घरी प्रत्येकाचं मत तयार होतंच. मुलगा म्हणाला, "आई, पूल घे, काहीतरी उपयोगाचं." नवरा म्हणाला, "मीठ घे. एक ना धड भाराभर चिंध्या करू नकोस." आक्का दोघांनाही "बघू" म्हणाल्या.

पण मनात ठरलं होतं. हसण्याच्या वर्गात तरुण मॅडमनी विचारलं होतं, "शेवटचं पोट धरून कधी हसलात?" पोरं धडाधड सांगत सुटली. आक्कांना काही आठवेना. आठवलं ते एवढंच, की घरात कुणी हसलं की त्या आधी स्वतःकडे बघतात, आपल्याला तर नाही ना हसत? हाच सेमिनार हवा असं आतून उसळून आलं. कुणाला बोलल्या मात्र नाहीत.

आणि तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली. बाहेर व्हरांड्यात पोरं गोंधळून उभी. गोंधळलेलं माणूस दिसलं की आक्कांची जीभ आपोआप चालू लागते. "तू तासभर खिडकीबाहेर बघत होतास रे, पक्ष्यांकडे जा." "तुला वाद घालायला आवडतं ना? मग नकाशे." आणि हसण्याचं तर काय वर्णन केलं त्यांनी! "अगं, हा सोडलास तर चार वर्षं पस्तावशील." पोरं धावली.

शुक्रवारी रांगेत "जा बाळ, तू आधी जा" करत आक्का सगळ्यात मागे. खिडकीतला कारकून म्हणाला, "हसणं? कधीच भरलं. यंदा काय झालंय कोण जाणे, नुसती झुंबड."

घ्या! आपलाच माल आपणच विकून मोकळ्या.

"पुलांत जागा आहे. लिहू?"

"चालेल" हा शब्द अगदी ओठांवर आला. आयुष्यभर तोच तर म्हटला होता. आणि मग आक्कांना स्वतःचाच असा राग आला की विचारू नका. "नाही चालणार," त्या म्हणाल्या, आणि तडक वरच्या मजल्यावर, हसण्याच्या वर्गात.

मॅडम गोड बोलून म्हणाल्या, "बारा म्हणजे बाराच हो. पुढच्या वर्षी नक्की."

"मॅडम, मला हाच हवाय," आक्का म्हणाल्या. "मी इथे भिंतीशी उभी राहते." दोघं-तिघं खुर्ची द्यायला उठली. "बसा रे गुमान! उभं राहण्याचाच पगार घेते मी."

मॅडमनी शेवटी तास सुरू केला. एक मुलगा म्हणाला, दुसरा हसतो म्हणून आपण हसतो.

"मीही तशीच हसते," भिंतीकडून आवाज आला. "पण ते हसणं नव्हे बाबा. ती भीती असते." आणि इतक्या माना वळलेल्या बघून आक्का सवयीनं थांबल्या. घरी इथवर येईतो कुणीतरी मध्येच बोलायचं.

इथे कुणीच बोललं नाही. मॅडम म्हणाल्या, "बोला ना पुढे."

आक्का बोलल्या. चांगल्या तास संपेपर्यंत बोलल्या, मध्ये सगळ्यांना दोनदा हसवलं, एकदा स्वतःही हसल्या. निघताना मॅडम म्हणाल्या, "सोमवारी एक खुर्ची जास्तीची मागवते."

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "काय गं, शेवटी काय मिळालं?"

"मिळालं नाही हो," आक्का म्हणाल्या. "घेतलं."