मामाचे दोन नमुने

माझा मामा कुठल्याही प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाही, आणि याचं खापर मी त्याच्या नोकरीवर फोडते.

तो प्रयोगशाळेत प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, तपासतो. ही मुद्दाम घडवलेली प्रतिपिंडं कावीळ करणाऱ्या विषाणूला नेमकी पकडतात. चाचणीत ती त्याला उघडं पाडतात, आणि औषध म्हणून टोचली तर यकृतात शिरू देत नाहीत. त्यांच्या मदतीनं पेशंटचं रक्त तपासताना मामा शेजारी दोन नमुने ठेवतोच: एक विषाणू नक्की असलेला, एक नक्की नसलेला. तुलनेशिवाय निष्कर्ष नाही, आणि तोही तीनदा पडताळून.

तिथवर ठीक. पण हा माणूस घरीसुद्धा भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तर आधी अळणी भाजी मागतो! मामीनं नवा ड्रेस घालून "कशी दिसते?" विचारलं, तर म्हणाला, "आधी जुना घालून ये."

परवा मामी वैतागून म्हणाली, "अहो, या घरात माझी काही किंमत आहे का?"

मामा विचारात पडला. "तू नसलेलं घर बघितल्याशिवाय कसं सांगू?"

मामीनं बॅग भरली आणि थेट आमच्याकडे, म्हणजे नणंदेकडे आली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामाचा फोन. दूध उतू गेलेलं, चष्मा हरवलेला, आणि किल्ली आत राहिल्यामुळे स्वारी जिन्यात बसलेली. "निष्कर्ष आला," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "किंमत आहे. खूप आहे. ये ना परत."

मामीनं निवांत चहाचा घोट घेतला.

"एकदाच झालंय, अहो. अजून दोनदा करून बघा."