आमची मंडळी

आमच्या घरात बायकोला 'बायको' म्हणायची पद्धत नव्हती, चारचौघांत तर नाहीच. वडील आईला 'मंडळी' म्हणायचे. "मंडळी माहेरी गेली आहेत" म्हणजे आई एकटीच गेलेली असायची. या शब्दात ना बाई दिसते ना बुवा, त्यामुळे लाजऱ्या माणसाची मोठी सोय. लग्न झाल्यावर मीही तो उचलला आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात त्यानेच मला जवळजवळ रस्त्यावर आणलं.

लग्नाला पंधरा दिवस होतात न होतात तोच बँकेने बदली केली. आठ महिने मी मेसमध्ये मासळीचा रस्सा गिळत होतो आणि बायको नागपूरला माझ्या आईच्या हाताखाली. शेवटी बालीगंजमध्ये एका निवृत्त मास्तरांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या ठरल्या. मी लगेच तार केली. ती गाडीत बसली त्या संध्याकाळी मी किल्ली आणायला गेलो आणि मोठ्या फुशारकीने माझं नवंकोरं बंगाली पाजळलं.

"काल आमार मंडली आशबे. एखानेइ थाकबे." उद्या माझी मंडळी येणार, इथेच राहणार.

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. पुढे केलेली किल्ली त्यांनी परत खिशात टाकली. "ना मोशाय. ए बाड़ीते मंडली-टंडली चोलबे ना."

झालं! माझं डोकंच फिरलं. बायको-बियको चालणार नाही म्हणतो? मग काय, भाडेकरूने संन्यास घ्यायचा? मीही ठणकावलं, "मंडली छाड़ा आमि थाकबो ना!" मंडळीशिवाय मी राहणार नाही! त्यावर त्यांनी दार लावलं आणि आतून कडी घातली.

मेसमध्ये बायकांना मज्जाव. शहरात ओळखीचं एकही मराठी घर नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी हावड्याला ती उतरली ती ट्रंक, वळकटी आणि लोणच्याची बरणी घेऊन. "अहो, घर कसं आहे?" हाच पहिला प्रश्न.

"हवेशीर," मी म्हटलं. काय करणार, तोंडातून खरं निघेना! टॅक्सी सरळ बालीगंजला घेतली. मास्तरांचे पाय धरायचे, एवढंच ठरवलं होतं.

दारात मास्तर आणि त्यांची बायको, दोघंही उभी. मास्तरांनी टॅक्सीत वाकून पाहिलं, गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. "बाकी सब कोथाय?" बाकीचे कुठे आहेत?

"बाकी कोण?"

"तोमार मंडली!"

मी बायकोकडे बोट दाखवलं. "एइ तो!"

मग मास्तरीणबाई पदर तोंडाला लावून अशा हसल्या की भिंतीला टेकल्या. त्यांच्या भाषेत मंडळी म्हणजे टोळकं. नक्षलवाद्यांच्या धरपकडीच्या त्या दिवसांत चार पोरं एका खोलीत जमली तरी दारात पोलीस यायचे. मी वर गुप्त बैठका भरवणार, असं बिचाऱ्या मास्तरांना वाटलं होतं आणि माझी गर्जना ऐकून तर त्यांची खात्रीच पटली होती. किल्ली हातात पडली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. पुढे मास्तरीणबाईंनी तो शब्दच उचलला. मला विचारायच्या, "तोमार मंडली की रान्ना कोरछे?" म्हणजे काय रांधतेय, आणि तिला, "तोमार मंडली आपिस गेछे?" दोघांनाही तो तेवढाच चपखल बसायचा.

पण त्या सकाळी वर गेल्यावर मी तिला सगळं कबूल केलं. ट्रंकेवर बसून ती ऐकत होती.

"म्हणजे मी गाडीतून उतरले तेव्हा घर नव्हतंच?"

"नव्हतं," मी मान खाली घातली. आता चांगली खरडपट्टी निघणार.

"अहो, घर तर आठ महिने होतंच की मला, तुमच्या आईचं, चौदा खोल्यांचं," ती म्हणाली. "तुम्ही नव्हतात त्यात."