झाकणभर औषध

सिस्टरनं स्टुलावर वर्तमानपत्र पसरलं. मग म्हणाली, "आता बस."

माझ्या आधीची बाई त्याच स्टुलावर बसली होती. तेव्हा कागद नव्हता. केसपेपर काढताना मी खरं सांगितलं, धंदा करते. भंडाऱ्याच्या त्या दवाखान्यात खरं बोलायची ही शिक्षा.

पंधरा दिवस लघवीला बसले की जीव जायचा, इतकी आग. म्हणून आले होते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आतून धुतेस का?"

"दर गिऱ्हाइकामागं धुवाच लागते जी. औषध टाकून."

अभिमानानं सांगितलं. वाटलं, म्हणतील, बाई स्वच्छ आहे. खोलीवाल्या मावशीनं पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. जखम धुवायचं तपकिरी औषध, तांब्याभर पाण्यात झाकणभर. "रोग वाहून जाते, पोरी." अकरा वर्षं मी त्या तांब्यावर भरवसा ठेवला. गिऱ्हाइकांनाही तेच सोयीचं. मी निरोध पुढे केला की म्हणायचे, "कायले पाहिजे? मंग धुऊन घेजो." आणि मी धुऊन घ्यायचे. मूर्ख.

बाईंनी तपासलं. बोलल्या मात्र सिस्टरशी. "आतून सगळं भाजून ठेवलंय. अशा सोललेल्या जागेतून रोग लवकर शिरतो. ह्या बायकांना अक्कलच नसते."

मी तिथेच टेबलावर पडले होते, पाय वर करून. मला कुणी काही सांगत नव्हतं.

खाली उतरले. सिस्टरनं लगेच टेबल पुसायला बाटली उघडली. तोच वास. माझ्या मोरीतलंच औषध. ती टेबलाचं जे करत होती, ते मी अकरा वर्षं स्वतःचं करत आले होते. तिचा राग आला, मावशीचा आला, सगळ्यात जास्त माझा आला.

"चल, नीघ. गोळ्या बाहेर मिळतील."

मी स्टुलावरचा कागद चुरगाळून कचऱ्याच्या बादलीत टाकला आणि बसले.

"सिस्टरले काय सांगता, मॅडम? मले सांगा. आंग माहं हाय."

बाहेर रांग खोळंबली. मी हलले नाही. शेवटी बाईंनी माझ्याकडे बघून सांगितलं. आत काहीही टाकायचं नाही, साबणसुद्धा नाही. बाहेरून साधं पाणी. गोळ्या पूर्ण घ्यायच्या. निरोधाशिवाय कुणी नाही. मग रक्त घेतलं. त्याचा रिपोर्ट अजून यायचा आहे. भीती वाटते, खोटं कशाला सांगू?

खोलीवर येऊन बाटली नालीत ओतली. मावशी म्हणाली, खोलीतून काढीन. काढ म्हटलं. काढलं नाही तिनं.

गोळ्या संपून आग थांबली, तेव्हा वरठीचा नेहमीचा माणूस मोटारसायकलवर आला. निरोध बघून हसला. "धुऊन घेजो नं."

"तूच घे धुऊन. घरी जाऊन."

दार उघडून उभी राहिले, त्याची गाडी सुरू होईपर्यंत. आता निरोधाशिवाय कुणीही आत येणार नाही, रिपोर्ट काहीही येवो. तो आणायला मी स्वतः जाणार आहे. त्याच स्टुलावर बसणार आहे. सिस्टरनं पुन्हा कागद पसरला, तर पुन्हा बादलीत टाकणार आहे.